फॉर्ममधली तारीख: ३१ फेब्रुवारी नक्की कुठे अडवायचा?

अर्धविराम

एका नोंदणी-फॉर्ममध्ये तारखेचे तीन रकाने आहेत: जन्मतारीख, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख. तिन्ही साधे टेक्स्ट रकाने, क्रम दिवस/महिना/वर्ष. सध्याची तपासणी अशी: रेजेक्सने (मजकुराचा साचा वर्णन करणाऱ्या सूत्राने) साचा बघायचा, तिरक्या रेघेवर तुकडे करायचे, जावास्क्रिप्टच्या डेट कन्स्ट्रक्टरला (तारीख बनवणाऱ्या फंक्शनला) वर्ष, महिना वजा एक आणि दिवस द्यायचे. हाती आलेली तारीख ‘इन्व्हॅलिड डेट’ नसेल तर पास.

अडचणी दोन. ३१/०२/२०२३ बिनबोभाट पास होतं आणि डेटाबेसात ३ मार्च पडतो. शिवाय काही वापरकर्त्यांच्या तारखा एक दिवस आधीच्या साठतात. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच.

तेव्हा प्रश्न असे: रेजेक्स आणखी कडक करावा का? टेक्स्ट रकाना सोडून ब्राउझरचा तारीख-रकाना घ्यावा का? आणि हे सगळं ब्राउझरमध्ये तपासायचं की सर्व्हरवर?

शून्यापासून

पहिल्या अडचणीचं मूळ कन्स्ट्रक्टरच्या स्वभावात आहे. त्याला दिवस जास्त दिले की तो तक्रार करत नाही, उरलेले दिवस पुढच्या महिन्यात ढकलतो. २०२३ च्या फेब्रुवारीत २८ दिवस, तुम्ही ३१ दिलेत, तीन उरले, म्हणून ३ मार्च. २०२४ असतं तर २ मार्च आला असता. महिना तेरावा दिलात तर पुढच्या वर्षाचा जानेवारी. ‘इन्व्हॅलिड डेट’ फक्त आकडाच नसेल तेव्हा किंवा आवाक्याबाहेरचा असेल तेव्हा मिळते, म्हणजे तुमची ती तपासणी इथे कधीच खोटी ठरणार नाही.

उपाय एका ओळीचा आहे: तारीख बनवल्यावर तिच्यातून वर्ष, महिना, दिवस परत काढा आणि वापरकर्त्याने दिलेल्या तिघांशी ताडून बघा. एकही जुळला नाही तर ती तारीख कॅलेंडरात नाही.

रिकामी_ओळ

रेजेक्स कडक करू नका. ३० आणि ३१ चे महिने वेगळे करता येतात, लीप वर्षही कोंबता येतं, पण तयार होणारी ओळ सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही. रेजेक्सचं काम एवढंच: एक-दोन आकडे, विभाजक, एक-दोन आकडे, विभाजक, चार आकडे. सुरुवातीचा आणि शेवटचा अँकर (साचा मजकुराच्या टोकांना बांधणारी खूण) विसरू नका, नाही तर ‘१२/०३/२०२४५’ मधला मधलाच तुकडा जुळून जातो.

फक्त_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली).

सर्व्हरखोलीतून

दुसऱ्या अडचणीबद्दल. ‘काहींच्याच तारखा चुकतात’ म्हटलं की टाइमझोनकडे बोट दाखवावं, बहुधा चूक होत नाही. तुम्ही स्थानिक मध्यरात्रीची तारीख बनवता आणि पाठवताना टूआयएसओस्ट्रिंग (तारखेची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, बनवणारं फंक्शन) वापरत असणार. वेगळं वापरलं नसेल तरी जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकूर-साच्यात) घालताना तेच आपोआप चालतं. ते यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) रूपांतर करतं. यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रदेशात स्थानिक मध्यरात्र म्हणजे यूटीसीत अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्यातले पहिले दहा अक्षर कापून साठवले की एक दिवस गेला. यूटीसीच्या मागे असलेल्यांना हा त्रास होत नाही, म्हणून ‘काहींच्याच’.

मागे असलेल्यांना उलट्या बाजूने फटका बसतो. ‘२०२४-०२-२९’ अशी नुसती तारीख स्ट्रिंग म्हणून डेटला दिली तर ती यूटीसी मध्यरात्र मानली जाते. त्याच स्ट्रिंगला वेळ जोडली आणि ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) दिला नाही तर मात्र ती स्थानिक मानली जाते. म्हणजे नुसती तारीख वाचून स्थानिक दिवस विचारला की त्यांच्याकडे २८ येतो.

खरं म्हणजे जन्मतारीख हा क्षण नाहीच. ती तीन आकड्यांची नोंद आहे. तिला तास-मिनिटं चिकटवलीत की त्यांच्यामागून टाइमझोन येतोच. वर्ष-महिना-दिवस या क्रमाची साधी स्ट्रिंग पाठवा आणि डेटाबेसात डेट प्रकारच्या स्तंभात ठेवा, टाइमस्टँपमध्ये नको.

अर्धविराम

@सर्व्हरखोलीतून, बरोबर, पाठवताना टूआयएसओस्ट्रिंगच आहे. म्हणजे परत ताडून बघण्याची युक्ती आणि स्ट्रिंग पाठवणं, एवढ्याने दोन्ही सुटतात?

काटेकोर

जवळजवळ. @शून्यापासून यांच्या युक्तीत दोन खाचखळगे आहेत.

एक: कन्स्ट्रक्टर ० ते ९९ ही वर्षं १९०० मध्ये मिळवतो. २५ दिलं की १९२५. ताडून बघताना २५ आणि १९२५ जुळत नाहीत म्हणून तारीख नाकारली जाते, ते ठीकच. पण संदेश ‘अशी तारीख नाही’ असा जाईल, आणि खरी चूक दोन आकडी वर्षाची आहे. त्यासाठी वेगळा संदेश हवा.

दोन: स्थानिक मध्यरात्र दर दिवशी असतेच असं नाही. ब्राझीलमध्ये उन्हाळी वेळ मध्यरात्रीच सुरू व्हायची (२०१९ मध्ये ती पद्धतच बंद झाली), त्या दिवशी घड्याळ थेट एक वाजल्यापासून सुरू. काही जुनी इंजिनं अशा वेळी आदल्या रात्रीचे अकरा द्यायची आणि खरी तारीख नापास व्हायची. सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवस गाळला, तिथल्या टाइमझोनमध्ये ती तारीख स्थानिक वेळेने बनतच नाही. म्हणून ताडून बघायचं तर डेट-यूटीसीने बनवा आणि यूटीसीचेच गेटर (वर्ष, महिना, दिवस परत काढणारी फंक्शनं) वापरा. यूटीसीत ना उन्हाळी वेळ, ना गाळलेले दिवस.

टिंबटिंब

डेट ऑब्जेक्टच का लागतो पण? बारा आकड्यांची यादी आणि लीप वर्षाचा नियम. चारने भाग जातो आणि शंभरने जात नाही, किंवा चारशेने जातो. दहा ओळीत संपतं, टाइमझोनचा संबंधच नाही, कुठल्याही भाषेत तसंच उतरवता येतं.

काटेकोर

सहमत, फक्त चारशेचा भाग लिहाच. १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल. ‘चारने भाग’ एवढाच नियम १९०१ ते २०९९ पर्यंत बरोबर उत्तरं देतो, त्यामुळे चूक चाचणीत सापडत नाही. ती सापडते १९०० च्या जन्मनोंदी भरताना. एक्सेल १९०० ला लीप धरतं, लोटस १-२-३ शी सुसंगत राहावं म्हणून मुद्दाम. तिथून अनुक्रमांकाने तारखा आयात करत असाल तर १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखा एका दिवसाने घसरतात.

उंटावरून

३० फेब्रुवारी सरसकट नाकारू नका हो! स्वीडनमध्ये १७१२ साली ३० फेब्रुवारी होता. त्या दिवशी जन्मलेला माणूस नोंदणीला आला तर काय तोंड दाखवाल? (हलकेच घ्या.)

सर्व्हरखोलीतून

@उंटावरून, 😄 त्याला जन्मतारखेच्या खालच्या मर्यादेने अडवू.

आणि मर्यादा हा गमतीचा विषय नाही. १८१० सालचा जन्म कॅलेंडरात बसतो, पण फॉर्ममध्ये बसत नाही. आजवरचं सर्वांत जास्त, कागदोपत्री सिद्ध झालेलं वय १२२ वर्षं १६४ दिवस आहे, तेव्हा १३० वर्षांची खालची मर्यादा पुरेशी सैल आहे. वरची मर्यादा आज. तीच थाई बौद्ध वर्षही पकडते: ते ५४३ ने पुढे असतं, २०२४ तिथे २५६७ होतं. कोणी फॉर्मची किंमत टूलोकेलडेटस्ट्रिंगने बनवली असेल तर थाई लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) नेमकं हेच निघतं. ते फंक्शन दाखवण्यापुरतं आहे, पाठवण्यासाठी नाही.

काटेकोर

ऐतिहासिक नोंदींचा फॉर्म असेल तर ४ ऑक्टोबर १५८२ नंतर १५ ऑक्टोबर येतो, आणि ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १७५२ नंतर १४ सप्टेंबर. जावाचा जुना ग्रेगोरियनकॅलेंडर १५८२ ची उडी मानतो, नवा जावा-टाइम मानत नाही, ग्रेगोरियन नियमच मागे ताणतो. एकाच प्रकल्पात दोन्ही वापरलेत तर जुन्या तारखा जाता-येता बदलतात.

फक्त_वाचक

धागा अर्धविरामांच्या नोंदणीवरून सोळाव्या शतकात पोचला.

हलका_माउस

परत आणतो. ब्राउझरचा तारीख-रकाना (इनपुट, टाइप डेट) घ्यावा का, हा प्रश्न राहिलाय.

सुरुवात आणि शेवट या दोन रकान्यांसाठी घ्या. दिसताना तारीख वापरकर्त्याच्या भाषेप्रमाणे दिसते, पण रकान्याची किंमत कायम वर्ष-महिना-दिवस अशीच, ‘२०२४-०२-२९’. दिवस-महिन्याचा घोळच संपतो. ०४/०३ हा कोणता महिना हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. दिवस बाराच्या आत आणि महिन्याहून वेगळा अशा तारखा वर्षात १३२ आहेत, तिथे कुठलाही तपास चूक पकडू शकत नाही.

फक्त हे माहीत असू द्या:

अर्धवट तारीख, किंवा ३१ फेब्रुवारी, टाइप केली की किंमत रिकामी स्ट्रिंग येते. तुमचा कोड फक्त किंमत बघत असेल तर त्याला वाटतं वापरकर्त्याने रकाना सोडून दिला. ऐच्छिक रकान्यात हे फार घातक, कारण स्क्रीनवर त्याला आपली तारीख दिसत असते. व्हॅलिडिटीमधला बॅडइनपुट बघा, तो खरा असेल तर रकाना रिकामा नाही, बिघडलेला आहे.

मिन आणि मॅक्स या मर्यादा पिकरमधले (रकान्याच्या कॅलेंडरातले) दिवस फिके करतात, पण टाइप करायला अडवत नाहीत. बाहेरची तारीख टाइप होते आणि ब्राउझर ती चुकीची म्हणून नुसती खूण करतो. फॉर्मवर नोव्हॅलिडेट (तपासणी बंद) असेल किंवा तुम्ही कोडमधून थेट सबमिट बोलावलंत तर तेवढीही अडवणूक नाही. रिक्वेस्टसबमिट वापरलंत तर तपासणी होते.

क्रोममध्ये मॅक्स दिला नाही तर वर्षाला सहा आकडे घेता येतात. काहीच मर्यादा नको असेल तरी ‘९९९९-१२-३१’ देऊन ठेवा.

आणि वर्ष टाइप होत असताना किंमत बदलत जाते: ०००२, ००२०, ०२०२, २०२४. प्रत्येक बदलाला तपासणी लावलीत तर पहिल्या तीन वेळा लाल अक्षरं झळकणार. रकाना सोडल्यावर तपासा. एकदा चूक दाखवली की मग मात्र टाइप करतानाच ती पुसली जाऊ द्या.

चाचणीताई

जन्मतारखेला पिकर नको. चाळीस वर्षं मागे जायला महिन्याचा बाण ४८० वेळा दाबावा लागतो. वर्षावर टॅप करता येतं हे अनेकांना कळतच नाही. पाठ असलेली तारीख टाइप करायला सोपी. ब्रिटिश सरकारची डिझाइन सिस्टिम अशा तारखांसाठी तीन वेगळे रकाने सुचवते: दिवस, महिना, वर्ष. प्रत्येकाला स्वतःचं लेबल, तिघांभोवती फील्डसेट (गटाची चौकट) आणि लेजंड (तिचं शीर्षक).

टाइप नंबर ठेवू नका, काही ब्राउझरमध्ये माउसचं चाक फिरलं की आकडा बदलतो. टाइप टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचाच कीबोर्ड येतो. दोन आकडे झाले की आपोआप पुढच्या रकान्यात उडी, हे करूच नका: चूक सुधारायला मागे येणारा माणूस आणि स्क्रीन रीडर वापरणारा, दोघेही भरकटतात. ऑटोकंप्लीटला बीडे-डे, बीडे-मन्थ, बीडे-इयर द्या, ब्राउझर भरून देतो.

टिंबटिंब

@चाचणीताई, तीन रकाने म्हणजे तिप्पट टॅब. ज्याला पन्नास फॉर्म लागोपाठ भरायचेत त्याला एकच टेक्स्ट रकाना वेगवान पडतो, आणि पेस्टही करता येतं.

चाचणीताई

रोज तेच काम करणाऱ्या माणसासाठी मान्य. इथे नोंदणीचा फॉर्म आहे, वापरणारा एकदाच येणार.

आणि पेस्ट करू देत असाल तर सफाई आधी. पुढचे-मागचे स्पेस, न तुटणारा स्पेस, डावी-उजवी दिशा सांगणारी अदृश्य चिन्हं (इंटरनेट एक्सप्लोरर ११ तारखेच्या स्ट्रिंगमध्ये ती घालायचा, जुन्या नोंदींमध्ये अजून सापडतात), बिंदू आणि आडवी रेघ यांना एकाच विभाजकात आणणं. हे झाल्यावर साचा तपासा.

शून्यापासून

सफाईत देवनागरी आकडेही धरा. मराठी कीबोर्डवरून ‘२९/०२/२०२४’ असंच येणार. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला आकड्यांचा वर्ग फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, नंबर फंक्शनही नॅन (‘हा आकडा नाही’) देतं. पायथन ३ मध्ये उलट: तिथला आकड्यांचा वर्ग देवनागरी आकडे मुकाट स्वीकारतो आणि इंट त्यांचं बरोबर रूपांतरही करतो. म्हणजे ब्राउझर नाकारतो ते सर्व्हर घेतो. दोन्हीकडे आधी इंग्रजी आकडे करून घ्या, प्रत्येक अक्षराच्या कोडमधून देवनागरी शून्याचा कोड वजा केला की आकडा मिळतो. वापरकर्त्याला ‘इंग्रजी आकडे वापरा’ म्हणून दटावायची गरज नाही.

फक्त_वाचक

हे बेस्ट.

सर्व्हरखोलीतून

सर्व्हर की ब्राउझर: सर्व्हर अनिवार्य, ब्राउझर सौजन्य. ब्राउझरची तपासणी वगळून कोणीही थेट विनंती पाठवू शकतो. पण ‘सर्व्हरवर तपासतो’ म्हणणाऱ्यांनी आपली भाषा किती ढिली आहे हे बघावं.

पीएचपी: क्रिएटफ्रॉमफॉरमॅट ३१ फेब्रुवारीचा ३ मार्च (लीप वर्षी २ मार्च) करतं, तक्रार फक्त वॉर्निंगमध्ये. पुन्हा त्याच फॉरमॅटमध्ये छापून मूळ स्ट्रिंगशी ताडा, किंवा सरळ चेकडेट. त्यात क्रम महिना, दिवस, वर्ष आहे, इथे अनेक जण अडखळतात. स्ट्रटूटाइमला तर वापरकर्त्याची स्ट्रिंग देऊच नका: तिरकी रेघ दिसली की ते महिना आधी धरतं, आडवी रेघ दिसली की दिवस आधी.

जावा: सिंपलडेटफॉरमॅट मुळात सैल असतो, सेटलीनियंट खोटं केलं तरी स्ट्रिंगच्या शेपटाकडे दुर्लक्ष करतो, ‘१२/०२/२०२४कखग’ चालून जातं. डेटटाइमफॉर्मॅटर बरा, पण त्याची मूळ शैली ‘स्मार्ट’ आहे आणि ती ३१ फेब्रुवारीला गुपचूप २८ किंवा २९ वर आणून बसवते. ‘स्ट्रिक्ट’ लावा आणि वर्षासाठी वाय नाही, यू चार वेळा लिहा. वाय म्हणजे युगातलं वर्ष, युग दिलं नाही तर स्ट्रिक्टमध्ये तारीख पूर्ण होत नाही. मोठा वाय म्हणजे आठवड्यांचं वर्ष, तो डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत पुढचं साल छापतो.

पायथन: स्ट्रपटाइम ३० फेब्रुवारीवर व्हॅल्यूएरर फेकतं, हा शहाणा. फक्त दोन आकडी वर्षाला ६९ ते ९९ म्हणजे १९००, ० ते ६८ म्हणजे २०००. जावास्क्रिप्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये २५ चं १९२५ होतं, इथे २०२५. दोन आकडी वर्ष सरळ नाकारा.

मायएसक्यूएल: स्ट्रिक्ट मोड ५.७ पासून मुळातच चालू आहे. कोणी बंद केला असेल तर चुकीच्या तारखेच्या जागी शून्यांची तारीख साठते आणि फक्त वॉर्निंग येते.

उंटावरून

चार भाषा, आणि ३१ फेब्रुवारीचं काय करायचं यावर चौघींचं एकमत नाही.

काटेकोर

‘आज’ हा शब्द राहिला. जन्मतारीख भविष्यात नको, सुरुवातीची तारीख भूतकाळात नको, ठीक; पण कोणाचा आज? जगात ऑफसेट वजा १२ पासून अधिक १४ तासांपर्यंत जातात. सर्व्हर यूटीसीवर आणि वापरकर्ता अधिक बारावर असेल तर त्याचा आज सर्व्हरला अर्धा दिवस ‘उद्या’ वाटतो. जन्मतारखेसाठी सर्व्हरवर एका दिवसाची सूट द्या, बिघडत काही नाही. मुदतीशी संबंधित तारखेला मात्र सूट नको: मुदत कोणत्या टाइमझोनने संपते ते ठरवा, फॉर्मवर लिहा, आणि त्याच झोनचा आज वापरा.

वय काढताना दिवसांना ३६५.२५ ने भागू नका, नेमकं वाढदिवसाच्या आसपास चुकतं. वर्षांची वजाबाकी करा, यंदाचा महिना-दिवस अजून आला नसेल तर एक कमी. २९ फेब्रुवारीचा जन्म असेल तर बिगर-लीप वर्षी वय २८ ला वाढतं की १ मार्चला, हे त्या-त्या कायद्यावर अवलंबून. कोडने आपल्या मनाने ठरवू नये.

अर्धविराम

सगळ्यांना दंडवत. मग असं करतो:

जन्मतारीख तीन रकान्यांत, बाकी दोन ब्राउझरच्या तारीख-रकान्यात. सफाई, मग साचा, मग कॅलेंडरात आहे का (@टिंबटिंब यांची बारा आकड्यांची यादी, दोन्हीकडे तीच), मग मर्यादा, मग शेवट सुरुवातीच्या आधी नाही ना. रेजेक्स तिथेच थांबतो. पाठवताना नुसती स्ट्रिंग, साठवताना डेट. सर्व्हर हे सगळं नव्याने तपासतो.

संदेशाचं काय? सध्या सगळ्याला एकच: ‘अवैध तारीख’.

चाचणीताई

तो काढाच. जे चुकलं तेच सांगा: ‘महिना भरायचा राहिला’, ‘एप्रिलमध्ये ३० च दिवस असतात’, ‘वर्ष चार आकडी लिहा’, ‘शेवटची तारीख १२ मार्च २०२४ किंवा त्यानंतरची हवी’. महिन्याच्या जागी १३ च्या वरचा आकडा आणि दिवस बाराच्या आत असेल तर गुपचूप अदलाबदल करू नका, ‘दिवस आणि महिना उलटे झाले का?’ असं विचारा. संदेश रकान्याशी एरिया-डिस्क्राइब्डबायने जोडा, नुसत्या लाल रंगावर सोडू नका. नमुना रकान्याच्या बाहेर लिहा. प्लेसहोल्डर टाइप करायला लागलं की नाहीसा होतो.

हलका_माउस

@चाचणीताई, महिन्याच्या जागी १२ च्या वरचा म्हणायचंय ना?

चाचणीताई

हो, १२ च्या वरचा. तारखांच्या धाग्यात एकाने चुकायची चूक मीच केली.

@अर्धविराम, चाचणीला या ठेवा: २९/०२/१९००, २९/०२/२०००, २९/०२/२०२३, २९/०२/२०२४, ३१/०४/२०२४, ००/०१/२०२४, ०१/१३/२०२४, १/२/२४, अर्धवट तारीख, रिकामा रकाना, देवनागरीतली एक. आणि मशीनचा टाइमझोन एकदा यूटीसीच्या पुढे, एकदा मागे ठेवून सगळ्या पुन्हा.

अर्धविराम

चालवल्या. दोन्ही झोनमध्ये पास. फक्त एक नवीनच: शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची टाकली की सेटकस्टमव्हॅलिडिटीचा (रकान्यावर आपला संदेश लावणाऱ्या फंक्शनचा) संदेश येतो. तारीख सुधारली तरी फॉर्म जात नाही.

हलका_माउस

संदेश तुम्हीच काढायचा असतो. दर तपासणीच्या सुरुवातीला त्याच फंक्शनला रिकामी स्ट्रिंग द्या, मग नव्याने ठरवा. आणि ती तपासणी दोन्ही रकान्यांवर बांधा. वापरकर्ता शेवटची तारीख न बदलता सुरुवातीची बदलूनही चूक सुधारू शकतो, तेव्हा संदेश शेवटच्या रकान्यावरच अडकून बसतो.

अर्धविराम

सुरुवातीच्या रकान्यावर बांधलंच नव्हतं. गेला फॉर्म.